शांती करायची म्हणजे नेमकं काय करायचं? पाळक, क्षमा आणि मध्यस्थी, सोप्या भाषेत

8 मे 2025 रोजी नवे पोप चौदावे लिओ व्हॅटिकनच्या सज्जात आले आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, ‘तुम्हा सर्वांना शांती असो.’ 1 जानेवारी 2026 च्या जागतिक शांतिदिनासाठीही त्यांनी हाच विषय निवडला. स्वतःच्या हातात शस्त्र नाही आणि समोरच्यालाही ते खाली ठेवावंसं वाटेल, अशी शांती. बातम्यांत हे आलं आणि गेलं. गाझा, युक्रेन, मणिपूर यांच्या बातम्या त्याच पानावर होत्या, त्यामुळे बऱ्याच वाचकांनी मनात म्हटलं असेल की बोलायला काय जातं!

शंका रास्त आहे. पण ख्रिस्ती परंपरेत ‘शांती करणे’ हे एक काम आहे. त्याला क्रम आहे, नियम आहेत, ते करणारी माणसं आहेत आणि ते फसल्याची उदाहरणंही भरपूर आहेत. हे काम पोपपेक्षा मोहल्ल्यातला पाळक जास्त करतो. नागपूरकरांना तर हा विषय जवळचा असायला हवा. देशातल्या बहुतेक प्रमुख प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चना एकत्र आणणाऱ्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया’चं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि चर्चच्या इतिहासातला एक मोठा समेट 1970 साली याच शहरात झाला. तरी तो इथल्या शंभरातल्या दहा जणांना ठाऊक असेल की नाही, मला शंका आहे.

पाळक, पास्टर, फादर: कोण कोणता?

नागपुरात ख्रिस्ती धर्माच्या दोन मोठ्या शाखा दिसतात. कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूला आपण ‘फादर’ म्हणतो. ते लग्न करत नाहीत, आणि बिशप (त्या भागातल्या चर्चचे प्रमुख) जिथे पाठवतील तिथे जातात. प्रोटेस्टंट चर्चमधल्या धर्मसेवकाला मराठी ख्रिस्ती घरांत ‘पाळक’ किंवा सरळ ‘पास्टर’ म्हणतात. त्यांना बायकामुलं असू शकतात, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या चर्चमध्ये स्त्रियाही पाळक होतात. पाळकाच्या देखरेखीखाली असलेल्या लोकांच्या समूहाला ‘मंडळी’ म्हणतात. केरळहून आलेल्या कुटुंबांची सीरियन परंपरेची चर्चंही इथे आहेत, त्यांचे पाद्री पुन्हा निराळे.

हे लोक शिकतात कुठे? सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या निवासी विद्यालयात. सेमिनरी हिल्सवर फिरायला आपण सगळेच जातो, पण त्या टेकडीला हे नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडलं हे फार थोड्यांना माहीत असतं. कळमेश्वरच्या बाजूला ऑर्थोडॉक्स चर्चचीही सेमिनरी आहे. कॅथलिक फादर व्हायला साधारण दहा-बारा वर्षं लागतात, त्यात तत्त्वज्ञान, बायबल, नीतिशास्त्र आणि काही काळ प्रत्यक्ष लोकांत काम असं सगळं येतं. डॉक्टर त्याहून लवकर होतो.

दिवसभर हे करतात तरी काय?

रविवारची उपासना हा पाळकाच्या कामाचा दिसणारा भाग झाला. आठवड्याचे बाकी दिवस वेगळ्याच गोष्टींत जातात. मेडिकलच्या नाहीतर मेयोच्या वॉर्डात कुणी भरती असतं, तिथे जाऊन दोन मिनिटं हात धरायचा आणि प्रार्थना करायची. शाळेच्या प्रवेशासाठी कुणाला बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीचा, दाखला हवा असतो. लग्न ठरलेलं असतं, त्या मुलामुलीशी आधी बोलायचं असतं. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्नाची नोंद ठेवायची असते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुपारी कुणी गेल्याचा फोन येतो आणि सिमेट्रीत जागा कुठे, खड्डा कोण खणणार, चंद्रपूरची मुलगी पोचेपर्यंत थांबायचं का, हे सगळं पाळकालाच विचारलं जातं. संध्याकाळी पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, बैठक असते. गायनमंडळात कुणी कुणाशी बोलत नाही. पेटीतल्या पैशांचा हिशेब जुळत नाही.

घरोघरी जाणं हा या कामाचा कणा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भागही. जुने पाळक सायकलीवर वस्ती पालथी घालत. आता व्हॉट्सॲपवर आशीर्वाद पाठवून भागवलं जातं. पण शांतीच्या कामाची खरी पूर्वतयारी या भेटींतच होते. ज्या माणसानं आजीच्या शेवटच्या रात्री उशाशी बसून स्तोत्र म्हटलं, त्याला पुढे कधी ‘भाऊ, इथे तुझं चुकतंय’ म्हणण्याचा अधिकार आपोआप मिळतो. एरवी घरात न आलेला माणूस भांडणाच्या दिवशीच उगवला तर त्याला चहा मिळेल, ऐकून कोणी घेणार नाही.

भांडण मिटवायची ठरलेली रीत

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार वृत्तांतांपैकी पहिल्यात, दोन उतारे आहेत. सगळं काम त्यांवर उभं आहे.

पहिला पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात. कवी नारायण वामन टिळकांना नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्यानं नवा करार दिला आणि याच प्रवचनानं ते बांधले गेले, ते हे प्रवचन. त्यात येशू सांगतो की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. नीट पाहा, इथे चूक करणाऱ्यानं उठून जायचं आहे. देवाला थांबवून ठेवायचं आहे. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे उपासनेत, प्रभुभोजनाच्या आधी शेजाऱ्याला ‘शांती असो’ म्हणून अभिवादन करतात, ते याच क्रमाची आठवण म्हणून.

दुसरा उतारा अठराव्या अध्यायात आहे, आणि तो जवळजवळ कार्यपद्धतीसारखा लिहिलाय. कुणी तुझा अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढे मांड. तिथेही नाही ऐकलं तर त्याला बाहेरचा समज.

उदाहरणानं पाहू. समजा, जरीपटक्यातल्या एका ख्रिस्ती कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता वारले. आई आहे, दोन भाऊ आहेत, बहीण लग्न होऊन चंद्रपूरला. थोरल्यानं वडिलांच्या घराला कुलूप लावलं. धाकटा पाळकाकडे आला, ‘पाळकसाहेब, तुम्हीच समजवा दादाला.’

नवखा पाळक लगेच दादाच्या घरी जाईल. मुरलेला पाळक आधी विचारेल, ‘तू स्वतः बोललास का त्याच्याशी?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. वहिनीशी बोललेला असतो, मामाशी बोललेला असतो, अख्ख्या मोहल्ल्याशी बोललेला असतो. पहिली पायरी म्हणूनच सगळ्यात अवघड, कारण ती चहाडीची वाट बंद करते. दुसऱ्या पायरीवर येणारे दोघं बाजू घ्यायला येत नाहीत. काय बोललं गेलं याला साक्ष राहावी, उद्या ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ होऊ नये, म्हणून ते येतात.

आता समजा दोन्ही भावांनी पाळकासमोर हात मिळवले, घर निम्मं निम्मं वाटून घेतलं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. झाली शांती? बिलकुल नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 ख्रिस्ती कुटुंबांना लागू आहे. त्यानुसार विधवा आईचा एक तृतीयांश हिस्सा, आणि उरलेले दोन तृतीयांश तिन्ही मुलांत सारखे, मुलगी धरून. म्हणजे प्रत्येक मुलाला दोन नवमांश. भावांनी ‘शांतीनं’ जे वाटलं त्यात आईचं आणि ताईचं होतं. चांगल्या मध्यस्थाचा पहिला प्रश्न म्हणूनच असा असतो: या खोलीत कोण नाहीये?

हा क्रम लक्षात ठेवला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. आधी खरं काय घडलं ते सगळ्यांसमोर यायचं. मग ज्याचं गेलं त्याला परत मिळायचं. क्षमा यायची ती त्यानंतर, आणि हस्तांदोलन सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत, आणि खरं सांगायचं तर बहुतेक चर्चमध्येही, हस्तांदोलनापासून सुरुवात होते.

1970: सहा चर्चं आणि एक नागपुरी रविवार

हीच रीत मोठ्या प्रमाणावर कशी चालते याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर भारतातल्या प्रोटेस्टंट चर्चची गंमत अशी होती की प्रत्येकाचा झगडा उसना होता. स्कॉटलंड, इंग्लंड, अमेरिकेत शेकडो वर्षांपूर्वी जे वाद झाले, त्यांवरून इथली माणसं वेगवेगळ्या चर्चमध्ये बसत. नागपुरात 1845 साली स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले (त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याला ठाऊक आहे), म्हणून इथले पुष्कळ मराठी ख्रिस्ती प्रेस्बिटेरियन झाले. दुसऱ्या जिल्ह्यात इंग्रज पाद्री आला म्हणून तिथले अँग्लिकन.

वाद किरकोळ नव्हते. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा का, की माणसानं मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केल्यावरच द्यावा? चर्च बिशपनं चालवावं (अँग्लिकन), वडीलधाऱ्यांच्या सभेनं (प्रेस्बिटेरियन), की प्रत्येक मंडळीनं आपापलं (काँग्रिगेशनल)? या प्रश्नांवरून युरोपात माणसांना बुडवून मारलंय.

एकत्र येण्याची बोलणी 1929 साली लखनौला सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 या रविवारी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. एकेचाळीस वर्षं! सहा चर्चं एक झाली: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून आधीच बनलेलं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल हे आज त्या चर्चच्या नागपूर धर्मप्रांताचं, म्हणजे एका बिशपच्या कार्यक्षेत्राचं, मुख्य चर्च आहे.

तोडगा काय निघाला तो पाहण्यासारखा आहे. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. ज्या पाळकाच्या विवेकाला तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही, पण त्या कुटुंबाची अडचण होणार नाही याची सोय हवी. बिशप ठेवले, पण सभेला बांधलेले. आणि सगळ्यात नाजूक प्रश्न होता, कुणाचं पाळकपद ‘खरं’? त्यावर असं ठरलं की सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. अँग्लिकन बिशपसुद्धा इतरांच्या हाताखाली वाकले. त्या हातांनी नेमकं काय मिळालं, कुणात काय कमी होतं, हे मुद्दामच सांगितलं नाही. काहींना हा चतुरपणा वाटला. मला तो शहाणपणा वाटतो. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत थांबले असते तर आजही बैठकच चालू असती.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला हे पटकन कळेल. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या, म्हणजे एका जातीच्या लिंबाच्या, खुंटावर बांधतात तेव्हा चाकू दोघांनाही लागतो. खुंटाची साल चिरावी लागते, आणि डोळाही आपल्या फांदीवरून कापूनच आणावा लागतो. एकालाच काप देऊन कलम धरत नाही. वरून पट्टी बांधून ठेवावी लागते, घाईनं सोडली तर डोळा सुकतो. कलम धरल्यावरही खुंटातून फुटवे येतच राहतात, ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर झाड जंबेरीचं होतं. आणि एवढं करूनही मुळं जंबेरीचीच राहतात, संत्रा होत नाहीत. तशी कुणी अपेक्षाही करत नाही.

फुटवे इथेही आले. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथॉडिस्ट चर्च वर्षानुवर्षं बोलणीत होतं, ते शेवटच्या काही महिन्यांत बाहेर पडलं. गुजरातेतल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्तेवरून वाद पेटला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 साली निकाल लागला. एकीकरणानंतर त्रेचाळीस वर्षांनी. ख्रिस्ती माणसांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये म्हणून प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहून चांगलं खडसावलं होतं, ते पत्र दोन्ही पक्षांच्या बायबलात होतं.

‘क्षमा केली म्हणजे गुन्हेगार सुटला का?’

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर: नाही.

22-23 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप आणि टिमोथी ही दहा आणि सहा वर्षांची मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. खटला मात्र चालला. मुख्य आरोपी दारा सिंगला 2003 साली फाशीची शिक्षा झाली, 2005 साली उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांची क्षमा आणि कोर्टाचं काम या दोन गोष्टी समांतर चालल्या. माझ्या मनातला सूड मी सोडू शकतो. राज्याचा कायदा माझ्या मालकीचा नाही.

इंदूरजवळची घटना याच्याही पुढे जाते. सिस्टर राणी मारिया भूमिहीन आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्याचं काम करत. 25 फेब्रुवारी 1995 रोजी चालत्या प्रवासात, बसमध्ये, समंदर सिंग यानं त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांची सख्खी बहीण, त्याही नन, तुरुंगात त्याला भेटायला गेल्या आणि त्याला राखी बांधली. 2006 साली तो सुटला, त्यात या कुटुंबाच्या शब्दाचाही वाटा होता. 2017 साली इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून घोषित केलं गेलं, संतपदाच्या आधीची ही पायरी.

दोन्ही घटनांतला फरक बघा. क्षमा एकटा माणूस करू शकतो, समोरच्यानं मान खाली घातली नाही तरी. समेटाला मात्र दोघं लागतात, आणि दुसऱ्याला आपण काय केलं ते कबूल करावं लागतं. स्टेन्स प्रकरणात क्षमा झाली. इंदूरच्या प्रकरणात समेटही झाला, पण अकरा वर्षांच्या तुरुंगवासानंतर. शिक्षा टाळून नव्हे.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यावर सत्य आणि समेट आयोग नेमला, अध्यक्ष अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटू. लोकांची समजूत अशी की तिथे सगळ्यांना माफी मिळाली. प्रत्यक्षात माफीची अट होती संपूर्ण खरं सांगण्याची, आणि सात हजारांहून जास्त अर्जांपैकी 849 मंजूर झाले.

‘मग पोलीस, कोर्ट कशाला हवेत?’

हवेतच. पाळक न्यायाधीश नाही, आणि तसं वागू लागला तर त्याला थांबवणं हे मंडळीचं काम आहे. लग्नाचंच घ्या. कॅथलिक चर्चची स्वतःची विवाह न्यायालयं आहेत, ती एखादं लग्न मुळात वैध नव्हतं असं धर्माच्या दृष्टीनं ठरवू शकतात. पण त्या निर्णयाला कायद्यानं घटस्फोट मानावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली फेटाळली. चर्चमध्ये काहीही ठरलं तरी कुटुंब न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

कन्फेशनचा, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करण्याच्या संस्काराचा, प्रश्न जास्त बिकट आहे. तिथे ऐकलेलं फादरनं कुणालाही सांगायचं नाही, जीव गेला तरी. थेट मोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. दुसरीकडे 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो की बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कोणत्याही व्यक्तीला कळलं तर तिनं पोलिसांना सांगितलंच पाहिजे. धर्मगुरूंना त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. या दोहोंत ताण आहे आणि तो शब्दांच्या कसरतीनं सुटत नाही. एवढं मात्र पक्कं की हे गुप्ततेचं बंधन फक्त त्या संस्कारापुरतं आहे. फादरच्या ऑफिसात, संडे स्कूलच्या शिक्षकाकडून किंवा आईच्या फोनवरून कळलेल्या गोष्टीला ते लागू होत नाही. तिथे ‘आपण आपसात बघून घेऊ’ म्हणणारा माणूस शांती करत नसतो, गुन्हा लपवत असतो.

‘शेवटी दुबळ्यालाच नमतं घ्यायला लावतात ना?’

होय, हे घडतं. या लेखातला हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे.

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय’ असं ऐकवून घरी परत पाठवणारे पाळक झाले आहेत, आजही असतील. वचन खरं आहे, त्याचा वापर खोटा आहे. अठराव्या अध्यायातली ‘आधी एकट्यानं जाऊन बोल’ ही पायरी दोन बरोबरीच्या भावांसाठी आहे. जिथे एकाच्या हातात पट्टा आहे आणि दुसरीच्या अंगावर वळ, तिथे तिला एकटीनं बोलायला पाठवणं म्हणजे तिला पुन्हा मारायला पाठवणं. त्याच अध्यायाची सुरुवात काय आहे? लहानग्यांपैकी एकालाही जो अडखळवेल त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं. आणि शेवट त्या चाकराच्या गोष्टीनं होतो, ज्याला स्वतःचं मोठं कर्ज माफ झालं आणि त्यानं किरकोळ रकमेसाठी दुसऱ्याची गचांडी धरली. मालक त्याला सोडत नाही. क्षमेचा अख्खा अध्याय बलवानाला दरडावणारा आहे. तो दुबळ्यावर उगारायला कुणी घेतला तर त्यानं मधलीच चार वचनं वाचलीत असं समजावं.

अशा वेळी पाळकाचं पहिलं काम म्हणजे ती बाई आणि मुलं सुरक्षित जागी पोचवणं, दवाखाना, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत तिला नेणं. समेटाचं पुढे पाहता येईल. नाही झाला तरी चालेल.

‘ख्रिस्ती लोकांनीच तर युद्धं केली!’

केली. धर्मयुद्धं केली, युरोपात तीस वर्षं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना कापत होते, वसाहती केल्या. 1994 साली रवांडात लोक जीव वाचवायला चर्चमध्ये गेले आणि चर्चमध्येच मारले गेले. अथनाझ सेरोम्बा नावाच्या फादरला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्यासाठी दोषी ठरवलं. 2017 साली पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या पापांबद्दल क्षमा मागितली.

विचारांच्या पातळीवर ख्रिस्ती जगात याबाबत एकमत कधीच नव्हतं. एक धारा संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस यांच्यापासून येते: युद्ध वाईटच, पण निरपराधांच्या रक्षणासाठी, सगळे उपाय थकल्यावर, मर्यादेत राहून कधीकधी करावं लागतं. दुसरी धारा क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रदरन या ‘शांतिवादी चर्चं’ची: येशूच्या शिष्यानं शस्त्र हाती घेऊच नये. 1970 च्या सहा चर्चमध्ये यातले ब्रदरन होते, आणि इंग्रज सैन्याचे पाद्री पुरवणारे अँग्लिकनही होते. ते एकाच चर्चमध्ये बसू लागले. हा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, उघडा ठेवला.

‘हे सगळं धर्मांतरासाठी चाललंय का?’

थोडक्यात सांगतो. आपला विश्वास दुसऱ्याला सांगणं ख्रिस्ती धर्मात आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. सक्ती किंवा आमिष मात्र चर्चच्याच शिकवणुकीत बसत नाही. कॅथलिक चर्चनं 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून ते लेखी दिलं आहे. आणि मध्यस्थी करणारा जर एका पक्षाला आपल्याकडे ओढत असेल तर तो मध्यस्थ राहतच नाही, हे कुठल्याही पंचाला कळतं.

‘पण हे चालतं का?’

कधी चालतं, कधी निम्म्यावर थांबतं. नागालँडचं उदाहरण घ्या. 1964 साली तिथल्या बॅप्टिस्ट चर्चच्या पुढाकारानं शांती मंडळ नेमलं गेलं. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि ब्रिटिश पाद्री मायकेल स्कॉट असे तिघं त्यात होते. 6 सप्टेंबर 1964 पासून भारत सरकार आणि सशस्त्र नागा बंडखोर यांच्यात युद्धविराम लागू झाला. वर्षानुवर्षं बंदुकीच्या आवाजात झोपलेल्या गावांना थोडी उसंत मिळाली. पुढे बोलणी अडली, जयप्रकाशांनी राजीनामा दिला, स्कॉट यांना 1966 साली देशाबाहेर पाठवलं गेलं आणि मंडळ संपलं.

पुढे नागा गटच एकमेकांवर उठले. 2008 साली नागा समेट मंच उभा राहिला, निमंत्रक बॅप्टिस्ट धर्मशास्त्री वाती आयेर. त्यांनी एक गोष्ट केली जी कुठल्याही सेमिनरीच्या अभ्यासक्रमात नसेल: एकमेकांच्या माणसांना मारलेल्या गटांतल्या लोकांना फुटबॉलच्या मैदानावर आणलं. 2009 साली प्रमुख गटांच्या नेत्यांनी समेटाच्या करारनाम्यावर सह्या केल्या. केंद्र सरकारशी अंतिम राजकीय तोडगा अजून बाकी आहे, गटांच्या कुरबुरीही संपलेल्या नाहीत, आणि मंचाचे लोक अजून या गटाकडून त्या गटाकडे जात-येत असतात.